मराठी साइटची कामाची वही: आचारी, संत्री आणि न दिसणारी अक्षरं

सध्या टेबलावर दोन कामं आहेत. पहिलं नागपूरच्या इतवारीतल्या एका केटररची साइट: सावजीचा मेनू, ताटाचे दर, लग्नाच्या ऑर्डरीचा चौकशी-फॉर्म. दुसरं काटोलकडच्या संत्र्याच्या बागेचं ऑर्डर-पान. ते वर्षातून दोनदाच जागं होतं, आंबिया बहाराला ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृगाला फेब्रुवारीच्या पुढे. दोन्ही साइट पूर्ण मराठीत. चौकट फिग्मा या डिझाइनच्या साधनात बसली, पानं इलेव्हन्टी ३ या साइट बनवणाऱ्या साधनावर उभी राहिली (त्याला नोड, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम, १८ किंवा पुढचा लागतो), आणि मग सगळा वेळ गेला अक्षरांत. म्हणून ही नोंद अक्षरांची.

मजकूर हातात आल्यावर

केटररचा मेनू प्रेसमधून आला, म्हणजे पेजमेकर या जुन्या छपाई-सॉफ्टवेअरची फाइल आणि आत जुना बिगर-युनिकोड फॉन्ट (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक). श्रीलिपी असो की कृतिदेव, दुखणं एकच: ही अक्षरं जशी दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा. जुना मजकूर युनिकोडमध्ये नेणाऱ्या कन्व्हर्टरने वेलांटी पूर्ण जोडाक्षराच्या पुढे न्यायला हवी, पण साधे कन्व्हर्टर ती एकच घर पुढे सरकवतात. मग ‘स्टिक’मधली वेलांटी ट ऐवजी स् ला जाऊन चिकटते. ‘क्रिस्पी’चंही तेच.

सगळा मेनू डोळ्यांनी वाचत बसू नका. व्हीएस कोड या एडिटरमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनने (नमुना देऊन) शोधा: हलन्त म्हणजे पाय मोडण्याचं चिन्ह (युनिकोड क्रमांक ०९४डी, पुढेही असे आकडे म्हणजे हेच क्रमांक) आणि त्याला लागून लगेच काना, मात्रा किंवा वेलांटी (०९३ई ते ०९४सी). मराठीत हा क्रम बरोबर असूच शकत नाही, त्यामुळे सापडलेली प्रत्येक जागा चूकच. दुसरा शोध सलग दोन मात्रांचा. तिसरा ओळीच्या किंवा शब्दाच्या सुरुवातीलाच आलेल्या मात्रेचा. रफार मात्र हाताने तपासावा लागतो. ‘मिर्ची’चा रफार एक घर चुकला तर ‘र्मिची’ होतं आणि कुठलाही शोध ते पकडत नाही.

दर एक्सेलमध्ये आले. तिथून साध्या सीएसव्हीत सेव्ह केलं की मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडायचा. त्यातही एक काटा आहे: फाइलच्या अगदी सुरुवातीला न दिसणारं एफईएफएफ हे चिन्ह येतं आणि पहिल्या स्तंभाचं नाव ‘पदार्थ’ असूनही कोडला तो स्तंभ सापडत नाही. वाचताना पहिलं अक्षर ते असेल तर कापून टाका.

गिट वापरणाऱ्यांसाठी: मराठी नावाच्या फाइली स्टेटसमध्ये आकड्यांच्या माळेसारख्या दिसत असतील तर कोअर-कोटपाथ ही सेटिंग फॉल्स करा. नावं वाचता येतात.

फॉन्ट

केटररसाठी मुक्ता. मुंबईच्या एक टाइपचा हा फॉन्ट सात वजनांत (जाडींत) मिळतो. घेतली दोनच, ४०० आणि ७००. संत्र्याच्या पानाच्या मथळ्याला तिरो देवनागरी मराठी. तिरोचे हिंदी, मराठी आणि संस्कृत असे वेगवेगळे फॉन्ट आहेत, डाउनलोड करताना नाव नीट बघा.

फॉन्ट हलका करायला, म्हणजे नको ती अक्षरं काढायला, फॉन्टटूल्समधलं पायएफटी-सबसेट. वूफ२ (वेबसाठी दाबून लहान केलेली फॉन्टची फाइल) बाहेर काढायचं तर पायथनचं ब्रॉटली हे पॅकेज आधी बसवलेलं हवं. यादीत ठेवायचं ते असं: ०९०० ते ०९७एफ हा सगळा देवनागरी गट, २००सी आणि २००डी ही दोन न दिसणारी जोडचिन्हं, २०बी९ म्हणजे रुपयाचं चिन्ह, २५सीसी म्हणजे तुटक गोल, आणि साधे इंग्रजी अंक-अक्षरं. लेआउट-फीचर्स या पर्यायाला तारांकन (*) द्यायचं, म्हणजे सगळी फीचर्स राहतात. जोडाक्षरांचे आकार फॉन्टमधल्या जीएसयूबी तक्त्यातून (कुठल्या अक्षरांच्या जागी कुठला आकार, याची यादी) येतात. ‘फॉन्ट लहान करून देतो’ म्हणणारी काही ऑनलाइन यंत्रं हा तक्ताच उडवतात, आणि ‘क्षेत्र’ पाय मोडलेल्या अवस्थेत पानावर येतं.

‘पानावर आहेत तेवढीच अक्षरं ठेवा’ हा सबसेटचा मोहक पर्याय दर बदलणाऱ्या साइटला वापरू नका. आजच्या मेनूत ढ नसेल. उद्या ‘मेथी ढोकळा’ आला की फक्त ढ फोनच्या दुसऱ्या फॉन्टमधून येतो आणि शिरोरेषा पायरीसारखी वरखाली होते. हा प्रकार क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये पकडता येतो: कंप्युटेड टॅबच्या तळाशी ‘रेंडर्ड फॉन्ट्स’ असतं, तिथे एकाऐवजी दोन फॉन्टची नावं दिसली की गडबड आहे.

एचटीएमएलच्या पहिल्याच टॅगला लँग एमआर (भाषा मराठी) द्या. टेम्प्लेट उचललेलं असेल तर तिथे ईएन (इंग्रजी) पडलेलं असतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. ज्या फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे ठेवलेले आहेत (नोटो सान्स देवनागरीत आहेत) तिथे ब्राउझर हे वळण याच टॅगवरून निवडतो. टॅग चुकला की हिंदी वळण मिळतं. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही आवाज यावरूनच ठरवतं. फॉन्टमध्ये ही सोय आहे का ते फॉन्ट विकत घ्यायच्या आधी हार्फबझ या अक्षरं जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या एचबी-शेपमध्ये बघून घ्या: एकदा भाषा मराठी, एकदा हिंदी देऊन ‘लशी’ टाका, ग्लिफची (अक्षराकारांची) नावं बदलली तर सोय आहे.

तपासणीची ओळ दोन्ही प्रोजेक्टात एकच ठेवली आहे: तऱ्हा, दुसऱ्या, वाङ्मय, उद्घाटन, कर्तृत्व, हृदय, मूर्तींची, ॲडव्हान्स, ऑर्डर, ट्ठू. लॅटिन भरताड मजकुरावर मराठी साइट कधीच उभी करू नये. त्यावर सगळंच सुंदर दिसतं.

सीएसएस, भरभर

सीएसएस म्हणजे पानाच्या दिसण्याचे नियम. लाइन-हाइट (ओळीची उंची) मजकुराला १.७, मथळ्याला १.४. तयार थीममधलं १.१ ठेवलं आणि पेटीला ओव्हरफ्लो हिडन (बाहेर जाईल ते झाका) असलं की ‘मूर्तींची’चा रफार-अनुस्वार वरून आणि ‘हृदय’चा ऋकार खालून कापला जातो. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) सगळीकडे शून्य, नाहीतर शिरोरेषा तुटते. थीममध्ये ते बहुधा मथळ्यावर आणि बटणावर लपलेलं असतं. तिरप्या अक्षरांची देवनागरीत परंपरा नाही, ब्राउझर नुसतं अक्षर ढकलून वाकडं करतो. फॉन्ट-सिंथेसिस नन (असं खोटं अक्षर बनवणं बंद), आणि जोर द्यायचा तिथे ७०० वजन. इनपुट आणि बटणं पानाचा फॉन्ट आपोआप घेत नाहीत, त्यांना फॉन्ट इनहेरिट लिहावं लागतं. पहिलं अक्षर मोठं करायचा हट्ट सोडा, जोडाक्षर आलं की फाटतं.

अंक: डोळ्यांना मराठी, यंत्राला इंग्रजी

जावास्क्रिप्टमध्ये टू-लोकेल-स्ट्रिंगला एमआर-आयएन दिलं की १२५००० चं थेट १,२५,००० होतं, देवनागरी अंक आणि लाखाचा स्वल्पविराम दोन्ही. सोय छान आहे, पण हीच स्ट्रिंग पुढे यूपीआयच्या लिंकमध्ये गेली की घात होतो. तिथे रक्कम साध्या इंग्रजी अंकांत आणि स्वल्पविरामाशिवाय लागते. फोनच्या आणि व्हॉट्सॲपच्या लिंकचंही तसंच. नियम सोपा: हिशेब आणि लिंक मूळ आकड्यावर, रूपांतर फक्त छापताना. यूपीआयच्या लिंकमध्ये दुकानाचं मराठी नाव जात असेल तर ते एन्कोड करूनच घाला.

उलट दिशा जास्त त्रासाची. पाहुण्यांची संख्या विचारणाऱ्या रकान्याला टाइप नंबर दिला आणि कुणी मराठी कीबोर्डवरून ३५० टाकलं, तर रकाना रिकामाच जाऊ शकतो. टाइप टेक्स्ट ठेवा, इनपुटमोड न्यूमेरिक द्या, आणि सबमिटच्या आधी ०९६६ ते ०९६एफ मधल्या प्रत्येक अंकातून ०९६६ वजा करून इंग्रजी अंक काढा. मोबाइल नंबर तपासणारं बॅकस्लॅश-डी जावास्क्रिप्टमध्ये फक्त ० ते ९ इंग्रजीच ओळखतं, म्हणून रूपांतर आधी, तपासणी नंतर.

पत्त्याच्या फॉर्ममधून ‘स्ट्रीट’ काढून टाकलं. नागपुरात पत्ता प्लॉट नंबर, लेआउट आणि जवळचा चौक असा सांगतात. तेच तीन रकाने ठेवले आणि चौथा पिनकोड. डिलिव्हरीवाल्याला चौकच लागतो.

शोध: या वेळचं खरं काम

केटररच्या साइटवर शोधपेटी आहे आणि ‘आचाऱ्यांना’ हा शब्द प्रश्नोत्तरांत वारंवार येतो (आचाऱ्यांना गॅस कुणी पुरवायचा वगैरे). मजकुरात आहे, डोळ्यांना दिसतो, शोधला की शून्य निकाल.

कारण ऱ्य दोन तऱ्हांनी साठवता येतो. एक: ऱ (०९३१), हलन्त, य. दुसरी: साधा र, हलन्त, २००डी हे न दिसणारं जोडचिन्ह, य. दिसायला दोन्ही सारखे. कन्व्हर्टरने दुसरी पद्धत वापरली होती, फोनच्या कीबोर्डवरून पहिली येते. व्हीएस कोडमध्ये अदृश्य युनिकोड अक्षरं पेटवून दाखवणारी सेटिंग चालू केली की प्रकार उघडा पडतो.

इथे सुचणारा पहिला उपाय म्हणजे सगळी न दिसणारी चिन्हं उडवून टाकणं. तो करू नका. र, हलन्त, य एवढंच उरलं की रफार होतो आणि ‘आचाऱ्यांना’चे ‘आचार्यांना’ होतात. स्वयंपाक करणारे निघून गुरुजी येतात. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ही असाच. क्रम पाळावा लागतो:

१. आधी एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे सुट्या चिन्हांचं ठरलेल्या जागी एक अक्षर करणं. र आणि खाली नुक्ता (टिंब) असं आलं असेल तर त्याचा ऱ होतो.
२. र, हलन्त, २००डी दिसलं की तिथे ऱ, हलन्त.
३. मग उरलेले २००सी आणि २००डी काढा.
४. अ वर चंद्र असेल तर ॲ (०९७२), अ पुढे ॉ असेल तर ऑ (०९११). ‘ॲडव्हान्स’ दोन प्रकारे टाइप होतो आणि एनएफसी हे दोन एक करत नाही.
५. देवनागरी अंक इंग्रजीत.

हे फंक्शन शोधाच्या अनुक्रमणिकेवरही चालवायचं आणि टाइप केलेल्या शब्दावरही. एकाच बाजूला चालवलं तर आधी होतं त्याहून वाईट. छापायचा मजकूर मात्र फक्त पायरी १ आणि २ मधून जातो.

पदार्थांची अकारविल्हे लावायला नुसतं सॉर्ट वापरलं की क्रम कोडनुसार लागतो आणि ळ व च्या आधी बसतो. जावास्क्रिप्टच्या इंटल-कोलेटरला (भाषेप्रमाणे क्रम लावणारं साधन) एमआर दिलं की ळ, क्ष, ज्ञ ह च्या नंतर जातात.

रंग आणि फोटो

संत्र्याच्या पानाचा नारिंगी (लाल २४५, हिरवा १२४, निळा ०) बघायला झकास, पण त्यावर पांढऱ्या अक्षरांचा कॉन्ट्रास्ट (उजळ-गडद यांतला फरक) साधारण २.७ येतो. किमान ४.५ हवा. बटणाचा नारिंगी १७९, ७१, ० वर उतरवला, ५.५ मिळाले. मे महिन्यात भर उन्हात तापलेला फोन आपोआप उजेड कमी करतो, तेव्हा हा फरक कळतो.

सावजी रश्श्याच्या तर्रीचा फोटो वेबपी या फाइल-प्रकारात नेहमी चिखलासारखा येतो. गडद लालमध्ये रंगाची माहिती पातळ केली की कडा वाहतात, आणि लॉसी (माहिती गाळणाऱ्या) वेबपीत ४:२:०, म्हणजे रंग पातळ करण्याच्या पद्धतीशिवाय, पर्याय नाही. म्हणून स्क्वूश या फोटो लहान करणाऱ्या साधनात एव्हीआयएफ हा प्रकार, ४:४:४ (रंग पूर्ण), रुंदी १२०० पिक्सेल. मूळ फोटो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच मागवा.

पानांचे पत्ते रोमन ठेवले. ‘संत्री’ हा शब्द सहा युनिकोड चिन्हांचा, लिंक कॉपी केली की ५४ अक्षरांचा होतो. व्हॉट्सॲपवर तो बघून माणूस दचकतो.

राहिलेलं: मेनूची पीडीएफ. क्रोममधून छापलेली दिसते नीट, पण तिच्यातून कॉपी केलेला मराठी मजकूर विस्कटतो. तूर्त पीडीएफच्या तळाशी पानाची लिंक आणि क्यूआर कोड टाकला आहे.