डेकेअरची ग्रँट आणि माझं मधलं नाव (माझा अनुभव)

परवा एका मैत्रिणीचा फोन आला. ती घरी डेकेअर सुरू करतेय, तर मुलांच्या जेवणाचे पैसे देणाऱ्या सरकारी फूड प्रोग्रॅमचं काय करू आणि कोविडमध्ये तुला ती ग्रँट मिळालेली तसलं काही परत निघालं तर काय तयारी ठेवू, असं विचारत होती. मी सांगायला लागले आणि पाऊण तास झाला तरी मी त्या एका नावाच्या भानगडीवरच अडकलेली. शेवटी ती म्हणाली, बाई गं, तू हे लिहूनच काढ. म्हणून लिहितेय. राज्याचं आणि ऑफिसचं नाव मुद्दाम देत नाहीये, माझं रजिस्ट्रेशन अजून त्यांच्याच हातात आहे.

आम्ही अमेरिकेत, माझं घरातलं डेकेअर २०१७ पासून. सहा मुलं, मदतीला एक गुजराती मावशी. २०२० च्या मार्चनंतर सहाची दोन झाली कारण आईबाप सगळे घरूनच काम करायला लागले, पण मावशींचा पगार, घराचा हप्ता, इन्शुरन्स काही थांबलं नाही. २०२१ च्या मार्चमध्ये तो अमेरिकन रेस्क्यू प्लॅनचा कायदा झाला आणि त्यात डेकेअरवाल्यांसाठी ३९ अब्ज डॉलर ठेवलेले, त्यातले २४ अब्ज फक्त आहेत ती डेकेअर्स बंद पडू नयेत म्हणून, स्टॅबिलायझेशन ग्रँट म्हणून. पैसे दिल्लीतून, सॉरी वॉशिंग्टनमधून, पण वाटायचं काम प्रत्येक राज्याचं, प्रत्येकाचा फॉर्म वेगळा, पोर्टल वेगळं. आमच्याकडे अर्ज सप्टेंबरमध्ये उघडले.

मला घाई का होती ते सांगते, कारण फ्रीज. ऑगस्टमध्ये फूड प्रोग्रॅमची मॉनिटर आलेली. हा प्रोग्रॅम म्हणजे मुलांना ठरलेल्या मापाचं जेवण दिलं की जेवणामागे ठरलेले पैसे मिळतात, आपण एका स्पॉन्सर संस्थेमार्फत क्लेम लावायचा, आणि ती संस्था वर्षातून तीनदा घरी येऊन बघते, त्यातल्या किमान दोन वेळा न सांगता. कोविडमध्ये ते व्हिडिओवर चाललेलं, ती प्रत्यक्ष घरी आली ती बऱ्याच महिन्यांनी आणि ऐन जेवणाच्या वेळी. वरणात थर्मामीटर घातला, ठीक. मग मुलांचा फ्रीज उघडला. आतला काटा ४६ फॅरनहाइटवर. ४० च्या वर जाता कामा नये. ती काही बोलली नाही, फॉर्मवर ४६ लिहिलं आणि त्याच्याभोवती पेनाने गोल काढला. तो गोल अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. आदल्या रात्रीपासून कॉम्प्रेसर मेलेला असणार, आणि दूध-दही असलं काही ४० च्या वर दोन तासांपेक्षा जास्त राहिलं की टाकायचंच, वास घेऊन ठरवायचं नाही. दोन गॅलन दूध, कापलेलं कलिंगड, चीज, सगळं गेलं. मी सिंकमध्ये दूध ओतत होते आणि मावशी पाठ करून उभ्या, त्यांना बघवेना.

नवीन फ्रीज त्याच संध्याकाळी क्रेडिट कार्डावर घेतला, त्यामुळे ग्रँट मला लवकरात लवकर हवी होती.

अर्ज भरायला मला चाळीस मिनिटं लागली. महिन्याचा खर्च किती, मुलं किती, रजिस्ट्रेशन नंबर, डब्ल्यू-९ फॉर्म (पैसे देणाऱ्याला आपलं नाव आणि टॅक्स नंबर कळवायचा), बँकेचा व्हॉइड चेक (खात्याचा नंबर दाखवायला, रद्द केलेला). रात्री मुलगा झोपल्यावर सबमिट केलं आणि नवऱ्याला म्हटलं, झालं बघ, उगाच लोक घाबरवतात.

तीन आठवड्यांनी मेल आला. 'रिटर्न्ड फॉर करेक्शन.' कारण एकाच ओळीत, सबमिट केलेलं नाव रेकॉर्डशी जुळत नाही. कुठलं नाव? कुठल्या रेकॉर्डशी? काही नाही. फॉर्ममध्ये नाव सात ठिकाणी आणि जोडलेले कागद चार.

आता आपल्या नावांचं काय असतं ते तुम्हाला माहितीये. खरं नाव देत नाही, समजा मी स्मिता अनिल देसाई. भारतीय पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात 'स्मिता अनिल' दोन्ही. त्यावरून सोशल सिक्युरिटी कार्डावर, म्हणजे इथल्या सरकारी नंबराच्या कार्डावर, स्मिता अनिल देसाई. बँकेत स्मिता देसाई, कारण खातं उघडताना त्या पोराने मधलं नाव विचारलंच नाही. डेकेअरच्या रजिस्ट्रेशन सर्टिफिकेटवर स्मिता ए. देसाई. म्हणजे मी एकटी बाई, आणि कागदावर तिघी.

मला वाटलं बँकच असणार. शनिवारी जाऊन बँकेकडून पत्र आणलं की हे खातं याच बाईचं, ते अपलोड केलं, परत सबमिट. आणि इथे ती गोष्ट जी कुणी आधी सांगत नाही, दुरुस्ती करून सबमिट केलं की अर्ज रांगेच्या शेवटी जातो. होता तिथे राहत नाही. अडीच आठवड्यांनी परत मेल, तीच ओळ, एक स्वल्पविरामसुद्धा बदललेला नाही.

दुसऱ्यांदा मी डब्ल्यू-९ काढून बघितला आणि कपाळावर हात मारला, पहिल्या ओळीवर मी डेकेअरचं नाव लिहिलेलं. एकटीचा धंदा असेल तर पहिल्या ओळीवर आपलं स्वतःचं नाव, टॅक्स रिटर्नवर असतं तसंच, आणि डेकेअरचं नाव दुसऱ्या ओळीवर. ही चूक माझी, कबूल. पण मग ती 'डब्ल्यू-९ ची पहिली ओळ चुकलीय' असं लिहायला त्यांचं काय जात होतं? या वेळी ठरवलं, आंधळेपणाने सबमिट करायचं नाही, आधी फोन.

फोन करायचा कधी? मुलं झोपतात दुपारी एक ते अडीच. तेवढीच खिडकी. हेल्पलाइनवर तेव्हाच अख्ख्या राज्यातल्या डेकेअरवाल्या बाया फोन करत असणार, कारण सगळ्यांची मुलं तेव्हाच झोपतात, हे त्या ऑफिसात कुणाच्या डोक्यात आलं नसेल का? फोन स्पीकरवर, आवाज एकदम बारीक, तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलेला, तेच ते पियानोचं संगीत, आणि मी दुसऱ्या दिवशीसाठी बटाटे सोलतेय. पहिल्या दिवशी पन्नास मिनिटांनी फोन कटला. दुसऱ्या दिवशी उचलला तर त्या मुलाने सांगितलं की सिस्टिममध्ये 'नेम मिसमॅच' दिसतंय. मी म्हटलं ते मलाही दिसतंय रे बाबा. तिसऱ्या दिवशी एक बाई आली, जरा ऐकून घेणारी वाटली, मी चारही कागदांवरची नावं वाचून दाखवायला लागले आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. ती घाबरून म्हणाली मॅम, तुमचा फायर अलार्म वाजतोय, मुलांना बाहेर काढा, आपण नंतर बोलू. आणि ठेवला. मी हातात सोलाणं घेऊन तशीच उभी, पलीकडच्या खोलीतून दीड वर्षाचं बाळ रडत उठलेलं. त्या दिवशी मी खरंच रडले, ग्रँटसाठी नाही, त्या शिट्टीसाठी.

दर वेळी नवीन माणूस, नवीन तिकीट नंबर, आणि दर वेळी सुरुवातीपासून. मी शेवटी वहीत लिहायला लागले, तारीख, वेळ, कोण बोललं, तिकीट नंबर, काय म्हणाले. हे पहिल्या दिवसापासून करा, मी सातव्या आठवड्यात सुरू केलं.

सोडवलं कुणी तर काउंटीच्या रिसोर्स अँड रेफरल एजन्सीतल्या एका बाईने. या एजन्सीज सगळीकडे असतात, आईबापांना डेकेअर शोधून देणं, आपल्याला ट्रेनिंग देणं हे त्यांचं काम, आणि ग्रँटच्या अर्जाला मदतही करतात. मला माहीत होतं पण मला वाटलं मी इंग्रजी वाचू शकते, फॉर्म भरू शकते, मला कशाला मदत. हा माझा माज, दुसरं काही नाही. तिने सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले, मग स्वतःच्या कॉम्प्युटरवर माझं रजिस्ट्रेशन उघडलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. आत फर्स्ट नेम 'स्मिता अनिल', मिडल नेम रिकामं. सर्टिफिकेटवर छापताना त्याचं 'स्मिता ए.' होतं. मी अर्जात अनिल मिडल नेममध्ये लिहिलेलं. म्हणजे 'रेकॉर्ड' म्हणजे त्यांचाच डेटाबेस, जो मला दिसतच नाही, आणि जो कागद मला दिसतो त्यावर त्यांनीच वेगळं छापलंय! सात आठवडे मी बँकेच्या, टॅक्सच्या कागदांत चूक शोधत होते.

उपाय काय, तर एक पानी दुरुस्तीचा फॉर्म, रजिस्ट्रेशनमधलं नाव सोशल सिक्युरिटी कार्डासारखं करून घेण्याचा. चार दिवसांत झालं. मग परत सबमिट, मग पुन्हा रांग, आणि अर्ज भरल्यापासून दहाव्या आठवड्यात खात्यात पैसे. सकाळी साडेसहाला पोह्यांना फोडणी टाकताना फोनवर बँकेचा मेसेज दिसला, मोहरी करपली, करपू दे म्हटलं.

तर मैत्रिणीला सांगितलं तेच, कुठलीही ग्रँट उघडायच्या आधी, आज, रजिस्ट्रेशनवाल्यांना फोन करून विचार की तुमच्या सिस्टिममध्ये माझं फर्स्ट, मिडल, लास्ट नेम रकान्यानुसार वाचून दाखवा. सर्टिफिकेट बघून समाधान मानू नकोस. ईआयएन, म्हणजे धंद्याचा टॅक्स नंबर, घेतला असशील तर त्याचं आलेलं पत्र जपून ठेव, हरवलं असेल तर टॅक्सवाल्यांकडून १४७सी नावाचं पत्र मागून घेता येतं.

पैसे कशाला वापरता येतात याची यादी होती, पगार, भाडं किंवा हप्ता, वीज, साफसफाई, मास्क, मुलांसाठी लागणारं सामान. आधी झालेला कोविडकाळातला खर्चही त्यात दाखवता येत होता, म्हणून फ्रीजची पावती कामाला आली. पावतीचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा, ती चकचकीत कागदाची पावती चार महिन्यांत कोरी होते, माझी निम्मी झालेली.

फूड प्रोग्रॅमचं राहिलंच. आपलं जेवण त्यात मस्त बसतं. डाळ मांसाच्या जागी धरतात, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारच्या जेवणात दीड औंसाचा हिशोब, म्हणजे शिजलेली डाळ कपाच्या आठ भागांतले तीन भाग. पण शिजलेली डाळ मोजतात, वाटीतलं पाणी नाही, त्यामुळे आपलं पातळ वरण चालत नाही, घट्ट करावं लागतं. आणि तीच डाळ त्याच जेवणात भाजी म्हणून परत मोजायची नाही. गव्हाच्या पिठाची पोळी होल ग्रेन म्हणून जाते, दिवसातून एकदा तरी तसं काही द्यावंच लागतं. एक वर्षाच्या मुलांना होल मिल्क, दोनच्या पुढे एक टक्का किंवा फॅट फ्री. द्राक्षं उभी चिरायची, वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा नाही.

आणि दही! घरी विरजलेलं दही मोजत नाहीत, विकतचंच लागतं. मी पहिल्या महिन्यात कौतुकाने मेनूमध्ये 'होममेड योगर्ट' लिहिलं आणि मॉनिटरने ती सगळी जेवणं क्लेममधून काढली. आजीच्या विरजणाचा अपमान वाटला होता, आता हसू येतं.

बरं, पैशाचं अजून एक. २०२२ च्या जूनमध्ये 'कीप किड्स फेड' नावाचा कायदा झाला, त्याने वर्षभर जेवणामागे दहा सेंट जास्त मिळाले आणि माझ्यासारख्या टियर दोनवाल्यांनाही (म्हणजे कमी दर मिळणाऱ्यांना) टियर एकचा जास्तीचा दर मिळाला. ३० जून २०२३ ला ते संपलं. जुलैचा चेक बघून मला वाटलं क्लेम चुकला की काय, स्पॉन्सरला फोन केला तेव्हा कळलं. मेल आलेला होता, मी उघडला नव्हता. स्टॅबिलायझेशनचे पैसेही त्याच सप्टेंबरअखेर सगळ्यांचे संपले.

हं, आणि टॅक्स. ती ग्रँट म्हणजे उत्पन्न, टॅक्स रिटर्नमधल्या शेड्यूल सी या धंद्याच्या पानावर दाखवावं लागतं, खर्च वजा जातो पण उरलेल्यावर टॅक्स बसतो. मी थोडे बाजूला ठेवलेले म्हणून वाचले. जानेवारीत ग्रँटवाल्यांचा १०९९ फॉर्म (वर्षात किती पैसे दिले ते सांगणारा) पोस्टाने आला, पाकीट फोडायच्या आधी मी खिडकीतून नाव वाचलं. स्मिता अनिल देसाई. बरोबर होतं, पण अनिलच्या आणि देसाईच्या मधे जागा नव्हती. आमच्या सीएने चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाला, चालेल.