गळ्यात कोयरी घालून ग्रीनॉकला

स्कॉटलंडमध्ये आम्ही बारा दिवस होतो. एडिंबराचा किल्ला झाला, लॉख नेस झालं, स्काय बेट झालं. स्कायच्या टूर बसने मात्र जीव नकोसा केला. दहा मिनिटं उतरा, फोटो काढा, परत चढा. बाहेर एवढे देखणे डोंगर आणि आपण खिडकीवरची वाफ पुसत बसलेलो. त्या सगळ्यावर लिहायला दोनदा बसले आणि दोन्ही वेळा खोडून टाकलं, कारण माझं मन अडकलंय ग्रीनॉक गावातल्या कॅपीलो या फुटबॉल मैदानावर, पत्र्याच्या छपराखाली घालवलेल्या एका शनिवारच्या दुपारी.

माझं माहेर कोल्हापूरचं, शिवाजी पेठेतलं. शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील तालीम यांची फुटबॉल मॅच असली की आमच्याकडे जेवणाची वेळ बदलायची. शाहू स्टेडियमवरून भाऊ घरी आला की तो चप्पल कशी काढतो यावरून निकाल कळायचा. त्यामुळे ग्लासगोत राहणारी भाची म्हणाली, "मावशी, शनिवारी सेल्टिकची मॅच बघायची का? तिकीट मिळालं तर," तेव्हा मी तिला म्हटलं, मोठ्यांचं राहू दे, मला एखाद्या गावाचा क्लब दाखव. जिथे लोक हरायची तयारी ठेवून येतात असा.

तिच्या ऑफिसातला एक जण ग्रीनॉकचा. त्याच्या सांगण्यावरून आम्ही ग्लासगो सेंट्रलला गाडीत बसलो. वाटेत पेझली लागतं. लँगबँक सोडलं की रूळ क्लाइड नदीला चिकटून जातात. उजव्या हाताला करडं पाणी, पलीकडच्या काठावर डंबार्टनचा खडक, आणि पाऊस. गगनबावड्याचा पाऊस अंगावर घेतलेली मी, पण हा पाऊस निराळा. तो कोसळत नाही, नुसता मुरत राहतो. कार्ट्सडाइकला उतरून चालत निघालो. मैदानाजवळ जेम्स वॉट गोदीची अवाढव्य जुनी क्रेन उभी आहे. गोदीला साखरेची लांबलचक विटांची गोदामं. एके काळी या गावात जगभरची कच्ची साखर शुद्ध व्हायला यायची. शेवटचा मोठा कारखाना 1997 साली बंद झाला. ऊस आणि साखर या दोन शब्दांवर जगणाऱ्या जिल्ह्यातली मी, त्या रिकाम्या गोदामांकडे बघताना पोटात कालवलं.

गळ्यात माझी आवडती ओढणी होती. काळ्या कापडावर आईने पांढऱ्या दोऱ्याने भरलेल्या कोयऱ्या. परगावी थंडी असली की मी तीच घेते.

कॅपीलोवर उभं राहून मॅच बघायची जी छपराखालची जागा आहे तिला लोक 'काउशेड' म्हणतात, म्हणजे आपला गोठा. आम्ही तिथे जाऊन कठड्याला टेकलो. समोर निळे-पांढरे आडवे पट्टे घातलेली ग्रीनॉक मॉर्टनची पोरं सराव करत होती. भाचीने दुकानातून त्याच रंगांचा मफलर घेतला होता. मैदानावर सगळी मिळून दोन हजार माणसं असतील नसतील.

शेजारी एक आजी उभ्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, हातात चहाचा कागदी पेला. माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "हेन, हे काय घालून आलीस?" तिकडे बाईमाणसाला मायेने 'हेन' म्हणतात. मला काही उमगेना. त्यांनी माझ्या ओढणीचं टोक दोन बोटांत धरलं. "पेझली! आणि तेही काळं-पांढरं! कॅपीलोवर!"

भाचीने कानात सांगितलं तेव्हा कुठे प्रकाश पडला. जगभर इंग्रजीत कोयरीला 'पेझली' म्हणतात, ते याच वाटेत लागलेल्या गावामुळे. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शालींच्या नकला तिथल्या मागांवर निघायच्या, त्यावरून नक्षीला गावाचं नाव चिकटलं. आणि पेझलीचा सेंट मिरन हा क्लब मॉर्टनचा जन्माचा वैरी. त्यांचे रंग काळा आणि पांढरा. म्हणजे पाटाकडीलच्या पोरांमध्ये मी शिवाजीचा झेंडा गळ्यात घालून उभी राहिले होते. मी ओढणी पटकन काढायला लागले, तर आजींनी हात धरला. "राहू दे, थंडी आहे."

मग त्यांनी ओढणीचा पदर उलटा केला आणि मागची बाजू बघितली. भरतकाम कळणारं माणूस नेहमी मागची बाजू बघतं. माझी आई हेच करायची, गाठ कुठे मारलीय, दोरा कुठून ओढत नेलाय ते पाहायची. आजींनी विचारलं, "दोरा कुठला?" मी म्हटलं, अँकर. आमच्याकडे भरतकामाचा दोरा म्हणजे अँकरच. त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझी आई अँकर मिलमध्ये होती. पेझलीला." सूतगिरणीतली पोरगी, लग्न करून ग्रीनॉकच्या गोदीकामगाराच्या घरात आली. "मॉर्टन-सेंट मिरन मॅचच्या दिवशी आई स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही," एवढं म्हणून त्यांनी ओढणी माझ्या गळ्याभोवती नीट गुंडाळून दिली.

मॅच सुरू झाली. मॅचबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. पास चुकत होते, चेंडू हवेतच जास्त. खरी मॅच आमच्या मागे चालू होती.

दोन म्हातारे, एक टोपीवाला, एक दाढीवाला. विषय एकच: आपलं कुठे चुकलं. टोपीवाल्याचं म्हणणं, गोद्या गेल्या तिथेच क्लब गेला. 1711 पासून या गावात जहाजं बांधली जात होती. शनिवारी अर्धा दिवस भरला की हजारो कामगार घरी न जाता थेट मैदानावर यायचे. गोद्या गेल्या, साखर गेली, नंतर आयबीएमचा कारखानाही गेला, पोरं गाव सोडून गेली. मैदानावर येणार कोण?

दाढीवाला ऐकेना. "पोरं आहेत की! सकाळी बसस्टॉपवर जाऊन बघ. रेंजर्स आणि सेल्टिकच्या बसेस भरभरून ग्लासगोला जातात. गाव रिकामं झालं नाही, गावाने पाठ फिरवली." त्याचा आवाज चढला होता. ज्याच्या पेठेतला मुलगा दुसऱ्याच्या तालमीकडून खेळायला गेलाय, त्याचा आवाज असाच चढतो.

टोपीवाल्याने 1922 काढलं. त्या साली मॉर्टनने रेंजर्सला 1-0 हरवून स्कॉटिश कप जिंकला. दाढीवाला म्हणाला, "शंभर वर्षं झाली त्याला." मग 1979 साली देशाचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला अँडी रिची निघाला, आणि त्याच्या फ्री किकवर मात्र दोघांचं एकमत झालं. 2001 साली क्लब जवळजवळ बुडाला होता, तेव्हा गोळ्या-चॉकलेटं बनवणाऱ्या डग्लस रे यांनी तो वाचवला. 2021 पासून तर दरमहा वर्गणी भरणारे समर्थकच मालक आहेत. "म्हणजे आता शिव्या द्यायच्या तरी कुणाला? स्वतःलाच," दाढीवाला म्हणाला, आणि ते तो हसून म्हणाला नाही.

2013 ची गोष्ट टोपीवाल्याने भाचीच्या खांद्यावर हात ठेवून सांगितली. लीग कपमध्ये, सेल्टिकच्या मैदानावर, जादा वेळेत पेनल्टी, 1-0. सेल्टिकला त्यांच्या घरात हरवलं! "आणि पुढे?" दाढीवाल्याने विचारलं. टोपीवाला गप्प. "पुढे त्याच हंगामात दुसऱ्या विभागातून तिसऱ्यात गेलो. शेवटच्या दिवशी हॅमिल्टनकडून 10-2." देशाच्या वरच्या विभागात सर्वांत जास्त वेळा चढायचा आणि तिथून उतरायचा विक्रम मॉर्टनच्याच नावावर आहे, दोन्ही दहा-दहा वेळा. तिथून शेवटचं उतरले ते 1988 ला. तेव्हापासून वर गेलेच नाहीत.

मध्यंतरानंतर मी न राहवून विचारलं, सेंट मिरनशी मॅच कधी असते?

तिघेही एकदम गप्प झाले. सेंट मिरन 2018 पासून वरच्या विभागात होता, मॉर्टन खाली. लीगमध्ये गाठच पडत नव्हती. एखाद्या कपच्या सोडतीत नावं समोरासमोर आली तरच.

"त्यांनी खाली यावं," टोपीवाला म्हणाला. "रोज रात्री हेच मागतो."

"आपण वर का जाऊ नये?" दाढीवाला उसळला. यावर त्यांचं जे जुंपलं ते मॅच संपेपर्यंत. एकाला वैऱ्याचा ऱ्हास हवा होता, दुसऱ्याला आपला उद्धार, आणि दोघांचे डोळे एकाच तारखेकडे लागलेले. आजी मध्येच म्हणाल्या, "कसंही होऊ दे रे. ते चालत आले काय नि आपण गेलो काय. मी आहे तोवर व्हावं."

मी खूप ठिकाणी पाहुणचार घेतलाय. स्कॉटलंडमधल्या हॉटेलांत आमचं हसून स्वागत झालं, खोल्या उबदार होत्या. पण त्या पत्र्याखाली, वाऱ्यात, गळ्यात त्यांच्या वैऱ्याची खूण असताना त्या तिघांनी आम्हाला जसं आपल्या भांडणात ओढून घेतलं, तसं मला परदेशात कुणी जवळ केलं नव्हतं. भांडणात परक्याला कुणी घेत नाही. कोल्हापुरात तर नाहीच.

मॉर्टन हरलं. आजींनी पेला चुरगाळून खिशात टाकला, माझ्या गालाला हात लावला आणि माणसांच्या रांगेत दिसेनाशा झाल्या. नाव विचारायचं राहिलंच.

परतीच्या गाडीत पेझली गिल्मर स्ट्रीटला गर्दी चढली. त्यात काळा-पांढरा मफलर घातलेला विशीतला एक मुलगा होता. त्याची नजर भाचीच्या निळ्या-पांढऱ्या मफलरवर गेली आणि मी सावरून बसले. आता हा काहीतरी बोलणार. आमच्याकडे अशा वेळी दुसऱ्या पेठेतली पोरं दारासमोर फटाके लावतात. मनातून मला तेच हवं होतं. त्याने एखादा टोमणा मारावा, त्या तिघांच्या वतीने मी ऐकून घेईन.

"काय झालं आज मॉर्टनचं?" त्याने विचारलं.

"हरले," भाची म्हणाली.

"अरेरे," तो म्हणाला. अगदी मनापासून. मग त्याने मोबाइल काढला आणि ग्लासगो येईपर्यंत त्यातून मान वर केली नाही.