तुम्ही विचारलंत म्हणून: मी फोटोवरून स्विच का सांगत नाही

"फोटो पाठवतो, आत कुठले स्विच आहेत तेवढं सांगा." आठवड्यातून एकदा तरी हा निरोप येतोच. स्विच म्हणजे कीबोर्डच्या प्रत्येक कळीखालचा खटका. फोटोत पिवळट पडलेला जुना कीबोर्ड, तोही वरून काढलेला, कोपऱ्यात कुणाच्या तरी पायाचा अंगठा. मी नाही म्हटलं की पुढचा टोलाही ठरलेला: "एवढं माहीत आहे तर सांगायला काय जातं?" काय जातं ते एकदा सांगून टाकतो.

आधी कबुली. हे खूळ मीच पसरवलं. दहाएक वर्षांपूर्वी मी स्विचच्या रंगांचा तक्ता करून वाटला होता. निळा असेल तर टिकटिकणार, काळा असेल तर सरळ खाली जाणार, वगैरे. तो अजून फिरतोय. तक्ता चेरी या कंपनीच्या स्विचपुरता बरा होता, पण जुन्या कीबोर्डात चेरीच निघेल असं थोडंच असतं? चेरीचा काळा कुठेही न अडखळता खाली जातो, आल्प्स या दुसऱ्या कंपनीच्या काळ्यात वाटेत उंचवटा लागतो. चेरीचा हिरवा कडक आणि बोलका, आल्प्सचा हिरवा मुका आणि सरळ. पांढऱ्याचं तर विचारूच नका. अस्सल आल्प्स आणि त्याच्या तैवानी नकला शेजारी ठेवल्या तरी नुसत्या रंगावरून छाती ठोकून सांगता येत नाही. 'नक्कल' हा शब्दही मी तेव्हा फार तोऱ्यात वापरायचो. पुढे तसली साधी, स्वस्त घडण खुद्द आल्प्सनेही बाजारात आणली, तिला काय म्हणायचं?

"मग मागचं लेबल वाचा की!" वाचतो. एफसीसी क्रमांकावरून (म्हणजे अमेरिकी सरकारी मंजुरीच्या क्रमांकावरून) मंजुरी कुणाच्या नावावर आहे ते कळतं, पोटात काय आहे ते नाही. ॲपलचा एम३५०१ कीबोर्ड घ्या. नंबर एकच, पण कुणात आल्प्स निघतात, कुणात मित्सुमी कंपनीचे.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही एकदा मी फोटोवरून सांगितलं.

आमच्या जुन्या वाड्यातले एक काका. घरातल्या घरात डीटीपीची कामं करायचे. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, कुणाकुणाचे प्रबंध. कीबोर्डवर देवनागरीचे स्टिकर, बरेचसे बोटांनी पुसलेले. ते मुलीकडे राहायला निघाले होते, घर आवरणं चाललं होतं. मी बसमध्ये उभा, एक हात वरच्या दांड्याला. फोटो आला, खाली लिहिलेलं: "भंगारवाला खाली उभा आहे. ठेवू की देऊ?"

मी फोटो मोठा करून पाहिला. खालच्या ओळीत विंडोजची कळ दिसली. म्हणजे १९९४ च्या नंतरचा. म्हणजे स्वस्ताईच्या काळातला. म्हणजे आत खटक्यांऐवजी रबर. हे तीन 'म्हणजे' मला दहा सेकंदही पुरले नाहीत. "रबराचा दिसतोय काका, द्या." वर अंगठाही पाठवला.

विंडोजची कळ असलेले आणि आत चांगले खटके असलेले कीबोर्ड मी स्वतः उघडले आहेत. आपल्याकडचा टीव्हीएस गोल्डच बघा ना, बँकेत, बिलिंग काउंटरवर ज्याचा कडकडाट चालायचा तो! पण त्या क्षणी मला उत्तर देण्याची घाई होती. खरं सांगायचं तर काकांपेक्षा मलाच जास्त.

महिन्याभराने त्यांना भेटायला गेलो. काकांनी सुटे स्क्रू ठेवायचा बिस्किटाचा डबा माझ्यापुढे केला. "तुला उपयोग असेल तर ने." त्यात एक कळ होती, नंबरपॅडवरचा ७. केव्हातरी निघाली होती, डब्यात पडून राहिली. उलटी केली तर मधोमध आयताकृती दांडी, आल्प्सच्या खाचेत बसते तशी.

पोटात खड्डा पडला. विचारलं, "काका, आवाज यायचा का हो?"

"यायचा की! तुझी काकू म्हणायची, बारानंतर टाइप करू नका, वाडा जागा होतो."

"दाबताना मध्येच यायचा, की तळाला आपटल्यावर?"

काकांनी डोळे मिटले. टेबलावर बोटं ठेवली, दोनतीनदा दाबून पाहिली. मग म्हणाले, "आता कसं सांगू रे. यायचा एवढं आठवतंय."

नंतर तीन रविवार मी पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात हिंडलो. मूर्खपणा होता, कबूल.

यावर तो तक्तेवाला मी म्हणतो, अरे, तशी दांडी रबरी कीबोर्डांच्या कळांनाही असते. खरं आहे. आवाजाचं काय, स्पेसबारची तार सैल झाली की रबरीसुद्धा खडखडतात. तेही खरं. म्हणजे माझं उत्तर कदाचित बरोबरच होतं. आणि भंगारवाला दारात उभा असताना "आधी एक कळ उपटून फोटो पाठवा, मग स्विचचं वरचं कवच दोन्ही बाजूंनी पातळ पत्री घालून उचला" असं सत्तरीच्या माणसाला कोण सांगतं? मी सांगायला हवं होतं. निदान "ठेवा" एवढं म्हणता आलं असतं. त्याला कुठली माहिती लागत होती?

तो ७ माझ्या टेबलावर आहे. माझ्या आल्प्सच्या कीबोर्डवर तो घट्ट बसतो. मग एका रबरी कीबोर्डवर लावून पाहिला. तिथेही तितकाच घट्ट बसला.

तेव्हा फोटो पाठवणार असाल तर कळ काढून, आतली खाच दिसेल असा पाठवा. आणि तोपर्यंत कुणालाही काही देऊ नका.