भरायचा बोल्ट आधी

पिकअपखाली आडवं पडलेलं मला ज्यांनी एकदा पाहिलंय, ते पुढच्या भेटीत हमखास विचारतात, "ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल घरी बदलता येतं का हो?" आणि मी तोंड उघडायच्या आत पुस्ती जोडतात, "इंजिन ऑइल तर मी स्वतःच बदलतो." तुम्हीही तसंच विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

बदलता येतं. पण इंजिन ऑइलचा अनुभव इथे अर्धाच कामाला येतो, आणि उरलेल्या अर्ध्यात माणूस फसतो. मी फसलो होतो.

पहिल्या वेळी मी शिरस्त्याप्रमाणे तेल सोडायचा खालचा बोल्ट आधी काढला. तेल टबात उतरलं, मी खूश. मग भरायचा बोल्ट उघडायला गेलो तर तो जागचा हलेना. गिअरबॉक्सच्या अंगाला, एक्झॉस्टच्या पाइपाला खेटून बसलेला, षटकोनी खाचेचा बोल्ट. जोर लावला तशी खाच गोल झाली. आता गाडीच्या पोटात तेल नाही, त्यामुळे ती चालवत कुठे नेताही येईना. दोन दिवस ती जॅकसोबत वापरायच्या आधाराच्या स्टँडवर उभी, आणि घरातले सगळे येता-जाता माझ्याकडे बघतायत. शेवटी गोल झालेल्या खाचेत जरा मोठं चांदणीच्या आकाराचं बिट हातोडीने ठोकून बसवलं, तेव्हा कुठे बोल्ट सुटला. तेव्हापासून माझा नियम एकच: भरायचा बोल्ट उघडल्याशिवाय सोडायच्या बोल्टला हात लावायचा नाही. ज्या गाडीत तेल पातळी बघायच्या पट्टीच्या नळीतून भरतात, तिच्या मालकाला ही धास्ती नाही.

पाना फिरवणं हा या कामातला सोपा भाग. अवघड आहे ते मोजमाप.

इंजिनात ऑइल पाव लिटर इकडे-तिकडे झालं तरी सहसा काही बिघडत नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये मात्र तेल नुसतं वंगण नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद पुढे नेतं ते तेलच. क्लचच्या चकत्या एकमेकींवर दाबून धरतो तो दाबही तेलाचाच, आणि त्या चकत्यांची उष्णता वाहून नेण्याचं कामही त्याच्याकडेच. तेल कमी पडलं की पंप हवा ओढतो. जास्त झालं की फिरणारे भाग ते घुसळून फेस करतात, आणि फेसाला दाब धरता येत नाही. दोन्हीकडून परिणाम तोच: क्लच घसरतो, तापतो, जळतो. म्हणजे लक्षण बघून तेल कमी आहे की जास्त हेसुद्धा सांगता येत नाही.

त्यात तेल तापलं की फुगतं. १२ लिटर तेल ६० अंशांनी तापलं तर ते अर्धा लिटरभर जास्त दिसतं. म्हणून पातळी कोणत्या तापमानाला बघायची हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं आणि ते पाळावंच लागतं. पट्टी असेल तर बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून, तेल गरम असताना बघायचं. गिअर पार्कमध्ये की न्यूट्रलमध्ये ते पुस्तक सांगेल. पट्टीच नसेल, आणि हल्लीच्या कितीतरी गाड्यांत ती नसतेच, तर खाली पातळीचा बोल्ट असतो. तेल ठरलेल्या तापमानाला आलं की इंजिन चालू ठेवूनच तो उघडायचा. धार आली तर तेल जास्त आहे, काहीच आलं नाही तर कमी. धार बारीक होत थेंबांवर आली की बोल्ट लावून टाकायचा. तापमान हाताने चाचपून कळत नाही. गाडीच्या निदानाच्या सॉकेटला जोडायचा छोटा स्कॅनर घ्या, पण तो गिअरबॉक्सचं तापमान दाखवतो ना, हे घेण्याआधी बघा.

आणि गाडी समतल हवी. नुसतं पुढून उचलून पातळी बघणाऱ्याने न बघितलेलीच बरी. चारही बाजूंनी सारखी उचला, वजन स्टँडवर द्या. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, इंजिन चालू असताना तर नाहीच. इंजिन चालवायचं म्हणजे मोकळी हवाही हवी.

आता किती तेल निघतं ते. गिअरबॉक्सच्या तळाशी असलेल्या पॅनमधून सगळं तेल निघत नाही, कारण बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि तेल थंड करणाऱ्या कूलरच्या नळ्यांत अडकून राहतं. समजा एकूण १२ लिटर आहे आणि तुमच्या टबात ५ लिटर आलं. तेवढंच नवीन भरलंत तरी आत ५८ टक्के जुनंच आहे. मध्ये गाडी थोडी चालवून आणखी एकदा केलंत की जुनं ३४ टक्के, तिसऱ्यांदा २० टक्के. मी दोनदा करतो आणि थांबतो. कूलरची नळी सोडून इंजिनाच्याच जोरावर सगळं तेल बाहेर काढणारेही आहेत; क्षणभर लक्ष चुकलं तर पंप कोरडा फिरतो, म्हणून मी त्या वाटेला जात नाही. निघालेलं तेल मात्र खुणा केलेल्या डब्यात ओतून मोजतोच. जेवढं गेलं तेवढं आधी परत, मग बारीक हिशेब तापमानावर. आधीच गळती असेल तर हा हिशेब अर्थातच चुकतो.

पुष्कळ पिकअपच्या पॅनला सोडायचा बोल्टच नसतो. मग एका कोपऱ्याकडचे बोल्ट ढिले करून पॅन तिरकं करायचं. तेल कोपरापर्यंत येतं, हे आत्ताच सांगून ठेवतो. पॅन उतरलं की आतलं लोहचुंबक बघा. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज, पुसून टाका. बोटांना टोचणारे तुकडे निघाले तर तेल बदलून ती गाडी बरी होणार नाही. फिल्टर काढताना त्याचं जुनं रबरी सील वरच्या भोकात चिकटून राहतं. ते न काढता नवीन फिल्टर दाबला तर तो नीट बसत नाही आणि पंप पुन्हा हवा ओढतो. पॅनचे बोल्ट फारच हलक्या हाताने आवळायचे असतात, किती जोर लागला ते दाखवणाऱ्या टॉर्क पान्याने. जोर लावलात की पत्रा वाकतो आणि गॅस्केट गळायला लागतं.

तेल कोणतं, यावर लोक सगळ्यात कमी विचार करतात. लाल म्हणजे सगळं सारखं, असा समज आहे. लाल नुसता रंग आहे, इंजिन ऑइलपासून ओळखू यावं म्हणून घातलेला. डेक्सरॉन, मरकॉन, एटीएफ+४, टोयोटाचं डब्ल्यूएस ही या तेलाची वेगवेगळी मानकं, आणि त्यांचं घर्षणाचं गणित वेगवेगळं असतं. हे गणित किती नाजूक असतं बघा: एके काळी या तेलात घर्षण जुळवण्यासाठी स्पर्म व्हेल माशाचं तेल घालत. व्हेलच्या रक्षणासाठी १९७०च्या सुमारास अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि तेल बनवणाऱ्यांना पर्याय शोधताना घाम फुटला. (व्हेल मासा नाही, हे मला माहीत आहे. जिभेला वळण पडलंय.) पुस्तकात लिहिलंय तेच मानक डब्यावर शोधा. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, असेल तर त्याचं तेल आणखी वेगळं.

"पण कंपनी म्हणते, आयुष्यभर बदलायला नको." हो, काही कंपन्या म्हणतात. कितीतरी गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ स्वतः मात्र आपल्या गिअरबॉक्ससाठी साधारण ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला तेल बदला म्हणते. ट्रेलर ओढणारी पिकअप असेल तर मी त्याच्याही आधी बदलेन. तेलाला मारते ती उष्णता.

शेवटचा प्रश्न नेहमी दबक्या आवाजात येतो: "जुनं तेल बदललं की गिअरबॉक्स बसतो म्हणे?" बसतो तो बहुधा आधीच बसायला आलेला. क्लच घसरायला लागल्यावर, तेलाला जळका वास आल्यावर लोकांना तेल बदलायची आठवण होते, आणि मग खापर नव्या तेलावर फुटतं. अशी गाडी असेल तर आधी मिस्तरीला दाखवा. एकसारख्या वेगात जाताना खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर येत असेल, तर मात्र ती कधी कधी योग्य नव्या तेलानेच थांबते.

काम झालं की ब्रेकवर पाय ठेवून गिअर एकेका जागी काही सेकंद थांबवत फिरवून आणायचा आणि मग पातळी बघायची. जुनं तेल डब्यात भरून, वापरलेलं तेल गोळा करतात तिथे द्यायचं. गटारात किंवा मातीत नाही. रात्री मी गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवून ठेवतो. गेल्या वेळी सकाळी त्यावर एक लाल थेंब होता. पोटात गोळा आला. आडवा होऊन बघितलं तर आडव्या दांडीवर आदल्या दिवशी सांडलेलं तेल साचलेलं. पुसलं, पुठ्ठा उलटा करून परत सरकवला. दुसऱ्या दिवशी कोरडा होता.