तुम्ही विचारलंत म्हणून: बाल्डविनला मुखवटा होता का?

क्रुसेडरांच्या, म्हणजे धर्मयुद्धासाठी युरोपातून आलेल्या ख्रिस्ती योद्ध्यांच्या, जेरुसलेमबद्दल कुठे चार वाक्यं बोललो, की ठरलेला प्रश्न येतो. ‘तो चांदीचा मुखवटा लावणारा कुष्ठरोगी राजा खरा होता का हो?’ प्रश्न सिनेमातून आलेला असतो आणि विचारणाऱ्याला ‘हो’ ऐकायचं असतं.

राजा खरा. चौथा बाल्डविन, जन्म ११६१, राज्याभिषेक ११७४, मृत्यू ११८५. कुष्ठरोगही खरा. मुखवटा मात्र त्याच्या काळातल्या कोणीच नोंदवलेला नाही. उलट त्याचा शिक्षक आणि पुढे चॅन्सेलर (राज्याच्या दफ्तराचा प्रमुख) झालेला विल्यम ऑफ टायर लिहितो, की रोग हातापायांवर आणि चेहऱ्यावर जास्त उतरला आणि त्याच्या माणसांना त्याच्याकडे बघून गलबलून यायचं. चेहरा झाकलेला असता तर गलबलण्याचा प्रश्नच नव्हता.

रोग हेरला तोही विल्यमनेच. मुलं खेळताना एकमेकांच्या हातांना चिमटे काढायची, नखं रुतवायची. बाकीची कळवळायची, नऊ वर्षांचा बाल्डविन ढिम्म. विल्यमला आधी कौतुकच वाटलं, काय सोशिक पोर आहे म्हणून. मग जवळ घेऊन तपासलं, तर उजवा हात अर्धाअधिक बधिर. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर ‘बधिर चट्टा’ वाचत लहानाचे मोठे झालेल्यांना पुढचं सांगायला नको. बाप अमाल्रिकने शेक, तेलं, जालीम औषधं सगळं करून पाहिलं. काडीचाही गुण आला नाही.

अमाल्रिक अचानक गेला तेव्हा दोन मुली आणि हा तेरा वर्षांचा मुलगा, एवढंच मागे होतं. मुलगा गादीवर बसला. सोळाव्या वर्षी, नोव्हेंबर ११७७ मध्ये, रामल्याजवळ माँगिझारच्या लढाईत त्याच्या छोट्या सैन्याने मुस्लिम सुलतान सलाउद्दीनला इजिप्तपर्यंत पळवून लावलं. ही लढाई सगळ्यांना तोंडपाठ असते, म्हणून सोडून देतो.

मला विचाराल तर मुखवट्यापेक्षा त्याची बहीण सिबिला महत्त्वाची. राजा लग्न करणार नाही, त्याला मूल होणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. म्हणजे राज्य सिबिलाकडे जाणार आणि तिचा नवरा ते चालवणार. तिचा पहिला नवरा, माँफेराचा विल्यम, लग्नानंतर काही महिन्यांतच वारला. मागे पोटातलं बाळ. ११८० मध्ये तिचं दुसरं लग्न झालं ते गी द लुझिन्यांशी. हा फ्रान्सहून आलेला, इथल्या जुन्या सरदारांच्या डोळ्यांवर आलेला. लग्न खुद्द बाल्डविनने ठरवलं आणि उरलेली पाच वर्षं ते निस्तरण्यात घालवली.

११८३ हे साल बघा. फेब्रुवारीत राज्यभर कर बसला, मालमत्तेवर शेकडा एक. चर्चलाही सूट नाही. मग नाझरेथला राजा तापाने फणफणला. दृष्टी जवळजवळ गेलेली, हातपाय चालेनात. कारभार गीकडे दिला. शरद ऋतूत सलाउद्दीन समोर येऊन ठाकला, तर एवढं मोठं सैन्य हाताशी असून गी जागचा हलला नाही. (माझ्या मते त्या वेळी न लढणं शहाणपणाचंच होतं. पण सरदारांना ते भेकडपण वाटलं आणि दरबारात शेवटी त्यांचंच मत चालायचं.) बाल्डविनने त्याचा अधिकार काढून घेतला, सिबिलाच्या पाच वर्षांच्या मुलाला सहराजा म्हणून अभिषेक केला आणि स्वतः डोलीत पडून सैन्याबरोबर सलाउद्दीनने केरकच्या किल्ल्याला घातलेला वेढा उठवायला गेला. सैन्य जवळ आल्याचं कळताच सलाउद्दीनने वेढा उठवला.

आता बहिणीचं लग्न मोडायचं ठरलं. गी बायकोला घेऊन अस्कलानला जाऊन बसला. राजाने बोलावणं धाडलं, तर याचा निरोप: तब्येत बरी नाही. हा निरोप कोणाला, तर आंधळ्या, कुष्ठाने झडलेल्या राजाला! मग राजाच अस्कलानला गेला. वेशीचे दरवाजे बंद. त्याने आपल्या हाताने दार ठोठावलं, उघडा म्हणून तीनदा हुकूम केला. तटावर, बुरुजांवर लोक जमून बघत होते. दार कोणी उघडलं नाही. राजा तिथून याफाला गेला, ते शहर मात्र बिनतक्रार ताब्यात आलं.

११८४ मध्ये स्पेनकडचा प्रवासी इब्न जुबैर याच राज्यातल्या आक्र्या बंदरातून गेला. त्याने लिहिलंय, की इथला राजा लपून राहतो, कोणाला दिसत नाही, कारण अल्लाने त्याला कुष्ठाची शिक्षा दिली. मुखवट्याच्या कल्पनेला दूरचा आधार शोधायचाच तर हा. पण तो वाटसरूने ऐकलेली गोष्ट सांगतोय. अस्कलानच्या तटावरच्यांनी राजाला डोळ्यांनी पाहिलं होतं.

बाल्डविन ११८५ च्या वसंतात गेला, चोविशीही गाठली नव्हती. भाचा पुढच्याच वर्षी वारला. सरदार म्हणाले, सिबिला राणी होऊ दे, पण गीला सोडून. ती म्हणाली, सोडते, फक्त पुढचा नवरा माझ्या पसंतीचा. सगळ्यांनी मान डोलावली. मुकुट डोक्यावर चढला आणि तिने गीलाच पुढे बोलावलं. ४ जुलै ११८७ ला हत्तीनच्या लढाईत सारं सैन्य गमावून गी सलाउद्दीनचा कैदी झाला. २ ऑक्टोबरला जेरुसलेम गेलं.