मोझांबिकची तूर, ब्राझीलची गाय

2018 साली दहावीचं भूगोलाचं पुस्तक बदललं आणि आमच्या पदरी ब्राझील आला. क्षेत्रभेटीचा पहिला धडा सोडला तर धड्यामागून धडा भारत आणि ब्राझील, शेजारी शेजारी. वाशीम जिल्ह्यातलं आमचं गाव, दिवसातून तीन एसट्या, तालुक्याला जायचं म्हटलं तरी पोरं दोन दिवस आधीपासून खुशीत. त्यांना ब्राझील शिकवायचा! सुरुवातीला मी नेहमीसारखंच शिकवलं. नद्या निळ्या खडूनं, पर्वत तपकिरी खडूनं, आणि मध्येमध्ये ‘हे परीक्षेला येतं’. घटक चाचणीत एका पठ्ठ्यानं ॲमेझॉन थेट बंगालच्या उपसागरात सोडली.

एकदा अटलांटिक महासागर दाखवताना माझी पट्टी आफ्रिकेवरून सरकली. मागच्या बाकावरचा एक पोरगा, वर्षभरात ज्याचा आवाज ऐकला नव्हता, म्हणाला, “सर, मोझांबिक कुठी हाय?”

“काहून रे?”

“बाबा रोज शिव्या देते त्याले.”

वर्ग हसला, पण मला कळलं. 2016 मध्ये भारतानं मोझांबिकशी तूर आयातीचा करार केला. त्याच हंगामात आपल्याकडे तूर उदंड पिकली, भाव कोसळले, आणि 2017 मध्ये खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या. केंद्रावर बारदाना, म्हणजे रिकामी पोती, नाही म्हणून लोक आपल्या मालाशेजारी मुक्कामाला. त्या रांगांमध्ये माझ्या वर्गातली अर्धी पोरं डबे पोचवून आली होती. मी पट्टी मादागास्करच्या समोरच्या किनाऱ्यावर टेकवली. न सांगता सगळा वर्ग बाकं सोडून नकाशापाशी आला. जहाज कुठून निघतं, मुंबईला यायला कोणता समुद्र ओलांडतं, तिथं पाऊस कधी पडतो, तूर तिथले लोक खातात का, प्रश्नच प्रश्न. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी हललं नाही. अकरा वर्षांच्या नोकरीत हे पहिल्यांदा झालं.

त्या दिवसापासून मी क्रम उलटा केला. आधी घरातली वस्तू किंवा बातमी, मग नकाशा, मग पुस्तक.

हे लिहायला सोपं आहे. करताना बऱ्याचदा फसलं. परिपाठात रोज एक जागतिक बातमी वाचायची असं ठरवलं, तर पोरं क्रिकेट नाहीतर अणुबॉम्ब घेऊन यायची. 2019 च्या ऑगस्टमध्ये ॲमेझॉनचं जंगल पेटलं. व्हॉट्सॲपवर आलेला एक झकास फोटो मी स्वतः रंगीत छापून फलकावर लावला, खाली ‘आज जळणारं ॲमेझॉन’. दहा दिवसांनी कळलं, फोटो जुना. ज्यानं तो काढला तो छायाचित्रकार 2003 मध्येच वारला होता. फ्रान्सच्या अध्यक्षांनीही तोच फोटो टाकला होता, एवढंच काय ते समाधान. फोटो मी फलकावरून उतरवला नाही, त्याच्या बाजूला ‘सरांची चूक’ अशी चिठ्ठी लावली. त्यानंतर पोरं माझी प्रत्येक बातमी तपासू लागली, जरा जास्तच. पण आग कशासाठी लावतात ते समजवायला अवघड गेलं नाही. उन्हाळ्यात धसकटं पेटवतात, हे त्यांना माहीत. तिथं जंगल तोडून पेटवतात, ते बहुतांशी गुरांच्या कुरणासाठी.

तक्रारही झाली. ‘सर बातम्याच सांगतात, पोर्शन मागं पडला’, असं एका पालकानं मुख्याध्यापकांना सांगितलं. खोटं नव्हतं. दहावीचा भूगोल 40 गुणांचा, आणि पेपर तपासणारा मोझांबिक विचारत नाही. मग ठरवलं, आठवड्यात एकच तास बातमीचा, आणि त्या तासाच्या शेवटी ‘भौगोलिक कारणे लिहा’चं एक उत्तर वहीत उतरलंच पाहिजे.

असाच एक तास 2024 च्या पोळ्याला आला. आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी झालेली, अर्धा वर्ग गैरहजर. जे आले त्यांच्या हाताला हळदीचा वास. मी एका पांढऱ्याशुभ्र गाईचा फोटो दाखवला आणि विचारलं, ही कुठली? युरोप, अमेरिका, कोणी पंजाब म्हणालं. एक मुलगी उठली, फोटोपाशी गेली, आणि गाईच्या पाठीवर बोट ठेवून म्हणाली, “सर, इले वशिंड हाय. हे आपल्यातली हाय.”

बरोबर होतं. ब्राझीलमध्ये वीस कोटींहून जास्त गुरं आहेत आणि त्यांतली बहुतेक वशिंडवाली, म्हणजे मुळात भारतातून नेलेल्या जातींची. ही जात नेलोर. आपल्या आंध्रातल्या नेल्लोरवरून नाव पडलं, मूळची ओंगोल. युरोपातली जनावरं तिथं फारशी का टिकली नाहीत, विचारलं, तर एकजण म्हणाला, “आमची जर्सी उन्हात धापा टाकते, अन् गोचीडबी तिलेच जास्त.” झालं, उष्ण कटिबंधाचं भौगोलिक कारण वहीत गेलं.

मग मी बातमी सांगितली. 2023 च्या लिलावात या गाईचा फक्त एक तृतीयांश हिस्सा विकला गेला, आणि त्या हिशेबानं अख्ख्या गाईची किंमत 40 लाख डॉलरच्या वर गेली. रुपयांत किती? डॉलर 83 धरला. फळ्यावर गुणाकार झाला: 33 कोटी 20 लाख. क्षणभर शांतता, मग मागून आवाज, “सर, आजी म्हणते ते खरंच हाय. गाईत तेहतीस कोटी!” त्या दिवशी पुढचं काही शिकवून झालं नाही.

पोर्तुगीज भाषेचा तासही असाच रंगतो. ब्राझीलची भाषा पोर्तुगीज, मोझांबिकची राजभाषाही तीच, आणि आपल्याही तोंडात आहे: पाव, बटाटा, बादली, चावी, पगार, काजू. ‘मिस्तरी’ तिकडून आला म्हटल्यावर एका मुलीनं विचारलं, “म्हंजे माह्या बाबाले सारं गाव पोर्तुगीजमंधी हाक मारते?” तेल, युद्ध, युक्रेन, इंडोनेशियानं 2022 मध्ये पामतेलाची निर्यात थांबवली ते, हे सगळं किराण्याच्या यादीवरून होतं. त्यात विशेष काही नाही, कोणताही शिक्षक करेल.

आता माझ्या तासात सोयाबीन लवकर येतं. जगात सगळ्यात जास्त सोयाबीन ब्राझील पिकवतो. तो बहुतांशी दक्षिण गोलार्धात, म्हणून आपण सोंगणी करतो तेव्हा तिथं पेरणी सुरू होते. ऋतू उलटे का, हे पृथ्वीगोल फिरवून सांगण्यापेक्षा असं पटकन कळतं.

2024 च्याच ऑक्टोबरात बाजार समितीत गेलो होतो. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892, आणि बोली चार हजारांच्या आसपास घुटमळत होती. एका जुन्या विद्यार्थ्याचा बाप पोत्यावर बसला होता. मला पाहून म्हणाला, “सर, पोरगं सांगत होतं. झाली का ब्राझीलची पेरणी?”

“पाऊस लांबला त्यांचा यंदा. पेरणी मागं पडली.”

“बरं झालं,” तो पटकन म्हणाला. मग काट्यावर चढणाऱ्या पोत्याकडे पाहत थोडा वेळ गप्प बसला.

“त्याईच्यावरबी कर्ज असन ना, सर?”