फॉर्म बी, मेलोक्सिकॅम आणि भलत्या जागी येणारं हाड

उंदराच्या मागच्या पायातलं अकिलीज टेंडन, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा दोर, मधोमध कापायला पाच मिनिटंही लागत नाहीत. ते कापायची परवानगी मिळायला साडेचार महिने गेले, त्यातले तीन एकाच औषधापायी.

विषय हेटेरोटोपिक ऑसिफिकेशनचा. जखमेनंतर स्नायूत, टेंडनमध्ये, जिथे हाडाचं काही काम नाही तिथे हाड तयार होतं. इराक-अफगाणिस्तानच्या युद्धांत हातपाय गमावलेल्या अमेरिकी सैनिकांवरच्या पाहणीत 60 टक्क्यांहून अधिक थोट्या अवयवांत ते सापडलं होतं. स्फोटाची हुबेहूब नक्कल करायची तर रॅट (मोठा उंदीर), शॉक ट्यूब (स्फोटासारखा हवेचा दणका देणारी नळी), मोडलेली मांडी, चिरडलेला स्नायू आणि वर अ‍ॅम्प्युटेशन, एवढं सगळं लागतं. आमच्याकडे शॉक ट्यूब कुठली? म्हणून उंदीर घेतले: टेंडन कापायचं आणि पाठीवर 30 टक्के भाजायचं. भाजल्यामुळे अंगभर दाह भडकतो आणि पायात हाड जास्त येतं.

उंदीर असल्याने प्रकरण दिल्लीला जात नाही, संस्थेची एथिक्स कमिटीच ठरवते. पण सीसीएसईएचे, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या सरकारी समितीचे, मुख्य प्रतिनिधी किंवा त्यांचे पर्यायी आले नाहीत, तर बैठकच होत नाही. फॉर्म बी, म्हणजे प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, परत आला की पुढच्या तारखेची वाट बघायची.

फॉर्म बीमध्ये वेदनाशामकाच्या जागी आम्ही ब्युप्रेनॉर्फिन, अफूच्या कुळातलं औषध, लिहिलं होतं. शेरा आला: मेलोक्सिकॅम का नाही? स्वस्त आहे, सहज मिळतं. आता मेलोक्सिकॅम हे दाह कमी करणारं वेदनाशामक: कॉक्स एन्झाइम अडवतं, दाह वाढवणारं प्रोस्टाग्लँडिन कमी करतं, आणि हे हाड उगवतं तेच मुळी दाहाच्या जोरावर. खुब्याच्या ऑपरेशननंतर असं हाड येऊ नये म्हणून माणसांना याच कुळातलं इंडोमेथॅसिन देतात, 25 मिग्रॅ दिवसातून तीनदा. म्हणजे आजार तयार करायचा आणि पहिल्या डोसापासून त्याचाच उपचार सुरू!

हे एका ओळीत कळवलं, तिथे चुकलं. ‘समाधानकारक खुलासा नाही’ म्हणून फॉर्म पुन्हा परत. राग आला, पण कमिटीत हाडांचा माणूस नव्हता हे आधीच लक्षात घ्यायला हवं होतं. शेवटी चालला तो अर्धा पानभर खुलासा: इंडोमेथॅसिनचं उदाहरण, ब्युप्रेनॉर्फिन 0.1 मिग्रॅ प्रतिकिलो, कातडीखाली, दर 12 तासांनी, तीन दिवस. नुसती कातडी चिरलेल्या शॅम (तुलनेच्या) गटालाही तोच डोस. आणि 20 टक्के वजन घटलं की प्राण्याला वेदनारहित मृत्यू. अँप्यूल 0.3 मिग्रॅ प्रति मिलीची असते. सलाइनने दहापट पातळ केली की 25 ग्रॅमच्या उंदराला 0.08 मिली पुरते, हेही लिहा. आकडे दिसले की प्रश्न आपोआप कमी होतात.

मंजुरी आली तरी औषध लगेच हातात येत नाही. ब्युप्रेनॉर्फिन एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याखाली येतं, त्यामुळे कुलपाचं कपाट, नोंदवही आणि खरेदीची कागदपत्रं लागतात. ही धावपळ फॉर्म भरतानाच सुरू करा.

उंदरांच्या संख्येबद्दल राहिलंच. तीन गट, 3 आणि 9 आठवड्यांचे दोन टप्पे, प्रत्येकी 8, असे 48 आम्ही मागितले. भाजल्यावर काही दगावतात, त्यांची भर घातली नव्हती, म्हणून वेगळी दुरुस्ती मागावी लागली. भाजायला 60 अंशांचा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा 17-18 सेकंद, नुसत्या वजनाने. हाताने दाबलात की जखम खोल जाते. भूल उतरण्याआधी पोटात रिंगर लॅक्टेट (क्षारांचं सलाइन) द्या. टेंडन शिवायचं नाही, टाके फक्त कातडीला.

तिसऱ्या आठवड्यात कापलेल्या जागी बहुतेक कूर्चाच असते. ती सॅफ्रानिन ओ या कूर्चा रंगवणाऱ्या रंगात दिसेल, मायक्रोसीटीत (बारीक एक्स-रे स्कॅनमध्ये) शोधत बसू नका. नवव्या आठवड्याच्या स्कॅनला थ्रेशोल्ड (किती घनतेपासून हाड धरायचं ती सीमा) सगळ्या प्राण्यांना एकच ठेवा, नाहीतर आकारमान हवं तसं वरखाली करता येतं. टाचेच्या हाडाचं टोक नव्या हाडात मोजलं जातं, म्हणून दुसरा न कापलेला पायही स्कॅन करून शेजारी ठेवा.

आणि स्कॅन आधी, ईडीटीए (हाडातलं कॅल्शियम काढणारं रसायन) नंतर. आमचे दोन पाय घाईत थेट ईडीटीएच्या बाटलीत गेले. कॅल्शियम निघून गेल्यावर मायक्रोसीटीला दिसणार काय?